राखून ठेवलेला वेग

आमच्या व्याह्यांइतका सावकाश माणूस अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मी मुलीचा बाप असूनही पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. वर खारेपाटणपासून खाली गोव्याच्या हद्दीपर्यंत कुणीही मला त्यांच्याहून सावकाश माणूस आणून दाखवावा, मी माझं मत मागे घेईन. ते आंघोळीला गेले की घरातल्या बाकीच्यांनी आपली आंघोळ संध्याकाळवर टाकावी. बांगडा खायला बसले की एकेक काटा काढून ताटाच्या कडेला असा ओळीने मांडतात की जेवण संपेपर्यंत तिथे दुसरा बांगडा तयार झालेला असतो, फक्त त्याला मांस नसतं. त्यांना काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागतो की त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून आपण पुन्हा विचारतो. नेमकं तेव्हाच पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं, आणि मग दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न उगाच शिल्लक राहतो. आणि हा माणूस मोटारसायकलच्या शर्यती खेळणारा. गावच्या जत्रेतल्या हौशी शर्यती नव्हेत. तरुणपणी कोल्हापूर, पुणे, गोवा इथली मैदानं गाजवलेला आणि समुद्र ओलांडून परदेशात खेळून आलेला. स्थळ सुचवणाऱ्या गृहस्थाने मला हे सांगितलं तेव्हा मी हबकलोच. मी नांदगावचा निवृत्त शिक्षक. तपासणीच्या दिवशी एकदा किरकोळ रजा टाकली होती, हे माझ्या आयुष्यातलं सर्वात मोठं धाडस. असल्या घरात मुलगी दिली तर तिचा सासरा तिला दर महिन्याला इस्पितळात भेटेल, असं माझ्या बायकोने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मुलगी बघायला मंडळी आली ती देवबागहून सकाळी नऊला गाडी करून निघाली आणि साडेदहाला आमच्या अंगणात उतरली. मुलाचे वडील त्यांच्यात नव्हते. ते आपल्या मोटारसायकलवरून पहाटे सहालाच निघाले होते, आणि अकरा वाजून गेले तरी पोचले नव्हते. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण मुलाकडच्या मंडळींपैकी एकाचीही पोह्याची बशी खाली आली नाही. "येतले," विहीणबाई म्हणाल्या, "कणकवलीत तेंका हायवे वलांडूचो आसता. मोकळो गावाक व्हयो." म्हणजे रस्ता मोकळा मिळेपर्यंत ते ओलांडणार नाहीत. अकरा वीसला डोक्यावर शिरस्त्राण, हातात हातमोजे, आणि वळणाच्या बऱ्याच आधीपासून उजवा हात आडवा धरून ते आमच्या गल्लीत शिरले. त्यांच्या मागून आमच्या गावची दोन गुरं येत होती, ती त्यांना ओलांडून पुढे गेली. आत येऊन बसायचं सोडून ते अंगणात लावलेल्या माझ्या स्कूटरपाशी उभे राहिले. घरात मानपानाच्या, कार्यालयाच्या, जेवणाच्या पंगतीच्या याद्या चालल्या होत्या. बाहेर वरपित्याने स्कूटरचा प्लग काढून रुमालावर ठेवला होता. शेवटी कुणीतरी म्हणालं, मुलाच्या वडिलांना काही विचारायचं असेल तर विचारून घ्या. ते दारात आले, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, ह्यो प्लग तुमी कधी बदललास?" मी म्हटलं, बदलायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. त्यावर त्यांना माझी मनापासून कीव आली असावी. "चार दिसान परत येतंय, नवो घेवन," ते म्हणाले, आणि एवढ्यावरून सगळ्यांनी लग्न ठरलं असं समजून साखर वाटली.

लग्नानंतर पहिल्यांदा मी लेकीकडे निघालो तेव्हा ते मला न्यायला कसालला आले. शर्यतपटूच्या मागे बसायचं म्हणून मी घरून निघतानाच देवाला नमस्कार केला होता, चष्मा दोरीने कानाला बांधला होता आणि बायकोला विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात माझी भीती गेली. दुसऱ्या अर्ध्या तासात मला झोप आली. वाटेत डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेवाली आमच्याबरोबर चालू लागली. तिने विहीणबाईंची चौकशी केली, माझी ओळख करून घेतली, सुरमईचा भाव सांगितला, आणि मग उशीर होतोय म्हणून आम्हाला मागे टाकून निघून गेली. पर्यटकांच्या भाड्याच्या स्कूटरी दोन्ही बाजूंनी सणासण जात होत्या. त्यांतल्या एकाने तर जाता जाता "काका, ढकलू का?" असंही विचारलं. व्याही शांत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्ही एवढे शर्यतीतले, आणि रस्त्यावर हे असं?" उत्तर येईपर्यंत आम्ही एक चढ आणि एक उतार पार केला. मग ते म्हणाले, "गुरुजी, देवान माणसाक वेग मोजून दिल्लो आसता. तो बाजारात जाताना खर्च करूचो नाय."

हा त्यांचा सिद्धान्त. माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्या वाट्याचा वेग ठरलेला असतो. जो तो दूध आणायला, पोस्टात जायला, जेवायला, भांडायला उधळतो, त्याच्याकडे ऐन शर्यतीच्या वेळी काही उरत नाही. म्हणून ते गेली चाळीस वर्षं बचत करत आले आहेत. आंघोळीत बचत, जेवणात बचत, बोलण्यात तर फारच. मालवणात त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं, तिथे गाडी टाकणारी माणसं ती परत मिळेपर्यंत पायी चालून सडपातळ होत, असं लोक म्हणत. पण त्यांनी दुरुस्त केलेली गाडी पुन्हा म्हणून बिघडत नसे, हेही तेच लोक सांगत. मी एकदा त्यांना विचारलं, एवढ्या वर्षांत किती वेग साठला असेल? त्यांनी या प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं, "एका बऱ्या शर्यतीपुरतो आसा."

सरावाची त्यांची रीतही तशीच बिनखर्चाची. देवबागला एका बाजूला खाडी आणि एका बाजूला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांचं घर. पर्यटकांसाठी विहीणबाई तिथे राहण्याजेवणाची सोय चालवतात. रोज सकाळी माडाखाली एका लाकडी घडवंचीवर व्याही घोड्यावर बसल्यासारखे बसतात, पुढे आडव्या बांधलेल्या झाडूच्या दांड्यावर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि मनातल्या मनात एक अख्खी शर्यत खेळतात. वळण आलं की अंग डावीकडे झुकतं, मग हळूच उजवीकडे. मधेच पायाचं बोट हलतं, म्हणजे गिअर बदलला. असं पाऊण तास. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाला वाटलं, ही इथली काहीतरी जुनी योगसाधना असावी. दुसऱ्या दिवशी ते चौघंही त्यांच्या मागे वाळूत चटया टाकून बसले आणि व्याही झुकले की तेही झुकू लागले. व्याह्यांचे डोळे मिटलेले, त्यांना पत्ता नाही. विहीणबाईंनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो देखावा दाखवला आणि म्हणाल्या, "गप रवा गुरुजी. तेंची पाठ मोकळी झाली, असा म्हणतत. जाताना फुडच्या वर्साचा ठरवून जातले."

विहीणबाईंचा मात्र या सगळ्यावर मनापासून राग. राग म्हणजे भीतीच ती. व्याह्यांच्या डाव्या खांद्यात, उजव्या मांडीत आणि मनगटात मिळून इतकं धातूकाम आहे की विमानतळावर ते कमानीतून गेले की कमान बोलते. "देवान घातलेल्या हाडांपेक्षा डॉक्टरान घातलेले सळये जास्त आसत," असं विहीणबाई पाहुण्यांना ओळख करून देताना सांगतात. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याची एकही शर्यत बघितली नव्हती. कोल्हापूरच्या मैदानावर एकदा गेल्या होत्या, तेव्हा सुरुवातीची शिट्टी झाली की डोक्यावरून पदर ओढून घेतला तो लोक उठून जाईपर्यंत. मुलाला त्यांनी सायकलसुद्धा शिकू दिली नाही. आमचा जावई बँकेत अधिकारी आहे आणि आजही माझ्या लेकीच्या स्कूटीवर मागे बसून कामाला जातो.

पडवीत भिंतीवर तीन फोटो होते. एक श्रीलंकेतला, दोन मलेशियातले. तिन्हींत व्याही शर्यत सुरू व्हायच्या रेषेवर उभे. मिशी काळी, छाती पुढे. शर्यत संपल्याचा फोटो एकही नव्हता. मला वाटलं, कुणी काढला नसेल. खरी गोष्ट मला लेकीकडून कळली. इकडच्या शर्यती त्यांनी पुष्कळ जिंकल्या. पण परदेशातली एकही शर्यत त्यांची पुरी झाली नव्हती. श्रीलंकेत शेवटच्या फेरीआधी साखळी तुटली. मलेशियात पहिल्या खेपेला पावसात घसरून खांदा मोडला, दुसऱ्या खेपेला धावपट्टीवर कुत्रं आलं, आणि कुत्र्याला वाचवताना मांडी गेली. शर्यत पुरी करणाऱ्याला रेषेवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा बावटा फडकावून दाखवतात. पहिल्या आलेल्यालाही तोच, शेवटच्यालाही तोच. तेवढा एक बावटा परक्या मुलखात आपल्यासाठी हललेला बघायचा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. नंबराबिंबराचं त्यांना काही नव्हतं. मी याबद्दल विचारलं तेव्हा फक्त म्हणाले, "एकदा बघूक व्हयो," आणि लगेच माझ्या स्कूटरच्या ब्रेकचा विषय काढला.

त्यांचं सहासष्टावं चालू असताना पोर्तुगालहून निरोप आला. गोव्यातला त्यांचा एक जुना जोडीदार तिकडे जाऊन स्थायिक झाला होता. तिथल्या एका लहान गावात म्हाताऱ्या शर्यतपटूंची, जुन्या गाड्यांवरची शर्यत दरवर्षी भरे. साठीच्या आतल्या माणसाला प्रवेशच नाही. गाडी तो देणार होता, राहायचं त्याच्याकडेच. व्याह्यांनी घरात ही बातमी सांगितली आणि विहीणबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, की देवाने उजवी दिली तर जा, डावी दिली तर ह्या जन्मात पुन्हा नाव काढायचं नाही. आमच्याकडे हा शेवटचा निवाडा. देवळात पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, आधी गाऱ्हाणं घालायचं, मग प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. व्याह्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. ठरल्या दिवशी अंगावर धुतलेलं धोतर, हातात नारळ. त्यांचा चेहरा बघून मला माझ्या शाळेतली निकालाच्या दिवशीची मुलं आठवली.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. गावचे मानकरी गाऱ्हाण्याला उभे राहिले. सुरुवात झकास झाली. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. "होय म्हाराजा," आम्ही सगळे. "आज जो काय ह्यो तुझो झील सात समुद्रापलीकडे जाता हा, तेची वाट सोपी कर म्हाराजा." "होय म्हाराजा." "इमानात सुखरूप चढव, सुखरूप उतरव, कागदपत्रात काय अडचाण येयत तर ती खडीसाखरेसारखी इरघळव म्हाराजा." "होय म्हाराजा." आणि इथे मानकरी अडले. लग्न, घर, बाळंतपण, नोकरी, होडी, कलमं, सगळ्यांची गाऱ्हाणी त्यांना पाठ. पण मोटारसायकलच्या शर्यतीचं देवाला कसं सांगायचं, ते परंपरेत कुठे नव्हतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, तुमी शिकलेले. फुडचा कसा म्हणूचा?" मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. माझ्या तोंडात नुसती गंमत होती. मी हळूच सांगितलं, "तेच्या फुडे जो कोण गाडी घालीत, तेका थयच्या थय आडवो कर, असा म्हणा." मानकऱ्यांना ते वाक्य भलतंच आवडलं. खणखणीत आवाजात त्यांनी ते देवाच्या कानावर घातलं, आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा "होय म्हाराजा" त्यालाच पडला. प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच उजवी पाकळी खाली आली. विहीणबाई पदर सावरत उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "देवाकय गाडयेचा खूळ आसा."

व्याही पोर्तुगालला पोचले आणि दोन दिवसांत तिथे रुळले. फोनवर मला म्हणाले, "गुरुजी, थयची माणसा आमचीच भाषा बोलतत." किल्लीला ते चावी म्हणतात, खिडकीला आपल्या मालवणीतलं जनेल, साबणाला साबणच, बालदीला बालदीच आणि पावाला पाव. जोडीदाराच्या गाडीवर काम करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला यांनी सवयीने "मेस्त्री" अशी हाक मारली तर त्याने ओ दिली. "मधले शब्द तेवढे वेगळे आसत," ते म्हणाले. विहीणबाईंनी दिलेली मच्छीची सुकी चटणी त्यांनी त्या मेस्त्र्याला चाखायला दिली होती, आणि त्या दिवसापासून तो यांच्या गाडीचं काम सोडून बाकी कुणाच्या गाडीला हात लावत नव्हता.

शर्यत तिकडच्या सकाळची, म्हणजे आपल्याकडची चारची वेळ. जोडीदाराने फोनवरून चित्र पाठवायची व्यवस्था केली होती आणि जावयाने ते पडवीतल्या टीव्हीवर लावलं होतं. निम्मं देवबाग तिथे जमलेलं. मानकरी पहिल्या खुर्चीवर. विहीणबाई स्वयंपाकघरात, आपल्याला काही बघायचं नाही असं सांगून. पण शिट्टी झाली आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होता, डोळ्यांवर नव्हता. दहा फेऱ्यांची शर्यत. बावीस म्हातारे. आणि मग मी तो माणूस बघितला. टाकीवर छाती टेकलेली, गुडघा वळणात जमिनीला लागेल इतका बाहेर, आणि एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. बांगड्याचे काटे मांडणारे ते हेच हात, यावर माझा विश्वास बसेना.  सहाव्या फेरीला विहीणबाई अगदी हळू, कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "ह्यो माणूस माझ्या घरात कधी इलोच नाय." चाळीस वर्षं ज्याला त्या हाका मारून मारून जेवायला बोलवत आल्या, त्याच्याकडे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. डोळे भरले होते, पण मिटले नाहीत.

आठव्या फेरीत व्याही अकरावे होते. त्यांच्या पुढे एक पांढऱ्या दाढीचा पोर्तुगीज, लाल गाडीवर. रेषेच्या अलीकडच्या लांब वळणावर त्याचं मागचं चाक सरकलं, आणि तो माणूस गाडीसकट आडवा झाला. अगदी माझ्या वाक्यात सांगितला होता तसा, थयच्या थय. पडवीत सगळ्यांची डोकी मानकऱ्यांकडे वळली. मानकऱ्यांनी आधी भीतीने हात जोडले आणि मग ताठ बसले. मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो. टीव्हीवर व्याही त्या पडलेल्या माणसाला वळसा घालून पुढे गेले, आणि थोड्या अंतरावर थांबले. गाडी कडेला टेकवली. शिरस्त्राण काढलं. मग आमच्या सगळ्यांच्या ओळखीच्या त्या चालीने, एकेक पाऊल टाकत, ते मागे चालत आले, त्या म्हाताऱ्यापाशी बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मदतनीस माणसं धावत येऊन पोचेपर्यंत ते तसेच होते. शर्यत चालू असताना गाडी सोडून उतरलेला माणूस बाद, असा तिथला नियम. दोन फेऱ्या राहिल्या होत्या. बाकीचे म्हातारे त्यांच्या बाजूने घुंईऽऽ करत जात होते आणि कुणीतरी त्यांच्या हाताला धरून त्यांना कडेला नेत होतं.

परत आले तेव्हा मालवणच्या स्टँडपासून ढोलताशे. तोपर्यंत गावात ठरून गेलं होतं की आपल्या देवाचा हात पोर्तुगालपर्यंत पोचतो. सत्काराला व्याही दोनच वाक्यं बोलले. "देवान फुडचो आडवो केल्यान. मगे उचलूक माकाच व्हयो." टाळ्यांचा कडकडाट झाला. मानकऱ्यांचा भाव तर असा वधारला की थेट खारेपाटणहून माणसं त्यांच्याकडे गाऱ्हाणं घालून घ्यायला येऊ लागली, आणि तेही आता प्रत्येकाला आधी विचारून घेत, "फुडचो खय पडाक व्हयो, ता नीट सांगा." त्या पोर्तुगीज म्हाताऱ्याचा फासळीच्या हाडाचा मोड भरून यावा म्हणून दर सोमवारी देवळात वेगळं गाऱ्हाणं चालू झालं. तो बरा झाला. त्याने आपल्या नातवंडांबरोबर हसत काढलेला फोटो पाठवला, तो पडवीत लागला. गाव आनंदात, मानकरी आनंदात, पोर्तुगीज आनंदात. मी एकटा तोंड लपवून. लेकीकडे जायचं म्हटलं की मला ताप येई. माझ्या एका थिल्लर वाक्यापायी या माणसाने आयुष्यभर राखून ठेवलेला वेग दोन फेऱ्या शिल्लक असताना जमिनीवर ठेवून दिला, हे मला गिळवत नव्हतं. आठ महिने मी कारणं सांगितली. गुडघा, दाढ, शेजारच्यांचं लग्न. पुढे लेकीनेच फोनवर सांगितलं की ती शर्यत भरवणारी म्हातारी मंडळी थकली, दोघं गेले, यंदापासून शर्यत बंद झाली. मग मात्र मी निघालो.

ते खाडीकडच्या बाजूला माडाखाली एक प्लग पुसत बसले होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, ते वाक्य गावचं नव्हे, देवाचं नव्हे. मी गंमत म्हणून मानकऱ्यांच्या तोंडी घातलं होतं. तुमची शर्यत मी घालवली.  त्यांनी प्लग रुमालावर ठेवला.

"ठावक आसा," ते म्हणाले. "तुमी सांगताना हसत होतास. मनापासून मागणारो माणूस हसणा नाय. देव काय तेवढो खुळो नाय, गुरुजी."

"मगे थांबलास कित्याक?"

"तो पडलो म्हणान."

 मग गावात तसं का सांगितलं, असं मी विचारलं. खाडीत एक होडी या काठावरून त्या काठाला गेली. "मानकऱ्याक बरा वाटला. मंडळीक बरा वाटला," ते म्हणाले. "तुमका तेवढा वाईट वाटत रवला, ता माझ्या ध्यानात येवक नाय. चुकला माझा." म्हणजे आठ महिने मी ज्यांची माफी मागायला धजत नव्हतो, ते माझीच माफी मागत होते. त्यांना हसावं की रागवावं ते मला कळेना.

बऱ्याच वेळाने, मी काही विचारलेलं नसताना ते म्हणाले, "दिसत होतो, गुरुजी. त्या वळणावरसून रेषा दिसता. हिरव्या शर्टाचो माणूस बावटो घेवन उभो होतो. गुंडाळलेलो." त्यांनी रुमालावरचा प्लग फिरवून ठेवला. "थय उघडल्यार कसो दिसता, ता काय बघूक गावला नाय."

मी त्यांचा हात धरला. व्याह्याचा हात असा धरून बसायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि त्यांच्या हाताला तेल लागलेलं होतं. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. आत विहीणबाई जेवायला हाका मारत होत्या. आम्ही दोघेही उठलो नाही.